वाहत्या नळातील थांबलेले पाणी

बडोद्याच्या आसपास, इंदूरजवळ पीथमपूरला, हैदराबादच्या सीमेवर किंवा गोव्यात वेर्ण्याच्या पठारावर औषधांचे जे कारखाने उभे आहेत, त्यांत प्रथमच पाऊल टाकणाऱ्याचे लक्ष जाते ते गोळ्या पाडणाऱ्या आणि कुप्या भरणाऱ्या यंत्रांकडे. छताखालून गेलेल्या चकचकीत पोलादी नळांकडे तो क्वचितच पाहतो. वस्तुतः सलाइनच्या बाटलीत जे असते त्यातील बहुतेक सारे पाणीच असते आणि ते याच नळांतून आलेले असते. तोंडाने प्यालेल्या पाण्यातील थोडेफार जंतू जठर आणि आतडी निभावून नेतात. शिरेतून जाणाऱ्या पाण्याला वाटेत असा कोणी पहारेकरी भेटत नाही.

पाणी उकळून जंतू मारले म्हणजे काम झाले, अशी समजूत एके काळी वैद्यकातही होती. तरीही ऊर्ध्वपातित आणि निर्जंतुक केलेल्या पाण्याचे इंजेक्शन दिल्यावर रोग्याला हुडहुडी भरून ताप चढे. फ्लॉरेन्स सायबर्ट या अमेरिकन संशोधिकेने १९२३ साली या तापाचे मूळ दाखवून दिले. पाण्यात पूर्वी वाढलेल्या जंतूंनी मागे ठेवलेले द्रव्यच ताप आणीत होते. जंतू मेले तरी ते उरत होते. आज त्याला एंडोटॉक्सिन म्हणतात. ते काही जातींच्या जंतूंच्या बाह्य आवरणाचा भाग असते. वाफेच्या दाबाखाली १२१ अंशांवर जंतू मरतात, पण हे द्रव्य शिल्लक राहते. काचेची कुपी कोरड्या उष्णतेत २५० अंशांवर अर्धा तास ठेवून त्यापासून मुक्त करता येते. पाण्याला तसे भाजता येत नाही. म्हणून पाण्यात जंतू वाढूच न देणे हाच खरा उपाय ठरतो.

त्यासाठी कारखान्यात पाणी थांबू देत नाहीत. टाकीतून निघालेले पाणी वापराच्या प्रत्येक ठिकाणावरून फिरून पुन्हा टाकीत येते आणि अहोरात्र फिरत राहते. नळ गंज न धरणाऱ्या, आतून आरशासारख्या घासलेल्या पोलादाचे असतात, आणि इंजेक्शनसाठीचे पाणी पुष्कळ ठिकाणी ८० अंशांच्या आसपास तापते ठेवतात. त्या उष्णतेत आणि त्या वेगात जंतूंना तग धरता येत नाही.

परंतु या फिरत्या नळाला जागोजागी फाटे फोडावे लागतात. कुठे तोटी हवी, कुठे तापमापक, कुठे दाबमापक, कुठे नमुना घेण्याची सोय. फाट्याच्या टोकाचा व्हॉल्व्ह बंद असला की मुख्य नळातील पाणी त्याच्या तोंडावरून सरळ निघून जाते आणि आत शिरलेले पाणी तेथेच राहते. अशा फाट्याला अभियंते ‘डेड लेग’ म्हणतात. त्याचे शब्दशः मराठी केले तर हसू येईल. ‘मृत शाखा’ म्हटले तर अर्थ नेमका उतरतो. झाडाची वाळलेली फांदी निदान डोळ्यांना दिसते, ही मात्र बाहेरून इतर नळांइतकीच झळाळत असते.

मुख्य प्रवाहाच्या तोंडाशी पाण्याची थोडी घुसळण होते, पण फाट्यात काही व्यासांइतके आत गेल्यावर ती मंदावते. त्यापुढचे पाणी निवत जाते. मुख्य नळात ८० अंशांचे पाणी धावत असते आणि हातभर लांबीच्या फाट्याच्या टोकाशी ते कोमट असते. या दोहोंच्या मध्ये कोठेतरी जंतूंना मानवणारी ऊब त्यांना आयतीच मिळते. तेथे ते पोलादाला चिकटून बुळबुळीत थर धरतात. नळ वाफेने निर्जंतुक करू गेल्यास वर तोंड केलेल्या फाट्यात हवा कोंडते आणि वाफ टोकापर्यंत पोहोचत नाही; खाली तोंड केलेल्या फाट्यात निवलेले पाणी आणि गाळ साठतो. धुण्याच्या रसायनांचीही हीच गत.

यातील खरी अडचण अशी की हा दोष रोज प्रकट होत नाही. मुख्य नळातील नमुना आठवडेच्या आठवडे स्वच्छ येतो. मग एके दिवशी पंपाचा दाब हलतो, किंवा कोणी तो व्हॉल्व्ह उघडतो, आणि थराचा एखादा कपचा सुटून प्रवाहात मिसळतो. त्या दिवसाच्या नमुन्यात जंतू सापडतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा सारे ठीक असते. अशा वेळी नमुना घेणाऱ्या पोराचे हात नीट धुतलेले नव्हते, असा निष्कर्ष काढून मोकळे होण्याचा मोह फार मोठा असतो. तो पोरगा बहुधा निर्दोष असतो.

फाटा किती लांब चालेल, याचा हिशेब अमेरिकेत प्रथम ठळकपणे मांडला गेला. १९७० आणि १९७१ साली तेथील अनेक रुग्णालयांत शिरेवाटे द्यावयाच्या द्रावणांतून रोग्यांच्या रक्तात जंतू गेले आणि माणसे दगावली. त्या वेळचा दोष नळात नव्हता, तर बाटलीच्या टोपणाच्या अस्तरात होता. पण त्या आघाताने अशा द्रावणांच्या निर्मितीची सारी पद्धतच तपासाखाली आली. १९७६ साली तेथील औषध प्रशासनाने नियमांचा जो मसुदा प्रसिद्ध केला, त्यात न वापरलेला फाटा त्याच्या व्यासाच्या सहापटींहून लांब नसावा, असे कलम होते. गंमत अशी की हा मसुदा अंतिम नियम कधीच झाला नाही, तरी सहापटींचा दंडक जगभरच्या कारखान्यांनी शिरोधार्य मानला. १९९३ साली त्याच प्रशासनाने तपासनिसांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेतही तो आहे. पुढे अमेरिकन यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेच्या मानकाने दोनपटींचे लक्ष्य ठेवले.

परंतु दोन्ही आकडे शेजारी ठेवताना मोजमाप कोठून केले ते पाहिले पाहिजे. जुना दंडक मुख्य नळाच्या मध्यरेषेपासून मोजतो, नवा त्याच्या आतल्या भिंतीपासून. मुख्य नळ ५० मिलिमीटरचा आणि फाटा २५ मिलिमीटरचा धरला, तर जुन्या हिशेबाने मध्यापासून १५० मिलिमीटर, म्हणजे भिंतीपासून १२५ मिलिमीटर लांबी चालते. नव्या हिशेबाने भिंतीपासून अवघे ५०. फाटा १० मिलिमीटरचा असेल तर २० मिलिमीटरच उरतात आणि तेवढी जागा जोडाची कडी आणि तिची पकडच खाऊन टाकते. म्हणून बारीक मापकासाठी बारीक नळी काढण्यापेक्षा रुंद आणि आखूड तोंड ठेवणे बरे. त्याहून चांगले म्हणजे ज्याचा पडदा मुख्य नळाच्या अंगातच बसवलेला असतो असा व्हॉल्व्ह वापरणे. तेथे फाटा असा उरतच नाही. असा व्हॉल्व्ह महाग पडतो. कारखान्याच्या खर्चपत्रकात प्रथम कात्री लागते ती बहुधा त्यालाच, आणि ही काटकसर पुढे सर्वांत महाग ठरते.

आकडा पाळला म्हणजे चिंता मिटली, असेही नाही. आखूड फाट्याची तोटी महिनाभर उघडलीच नाही, तर तेथील पाणी महिनाभराचेच असते. मुख्य नळाचा वेग कमी पडला तर दोनपटींचा फाटाही धुतला जात नाही. शिवाय अशा शाखा निष्काळजीपणापेक्षा दूरदृष्टीतूनच अधिक जन्मतात. पुढेमागे दुसरे यंत्र बसेल म्हणून आजच एक तोंड काढून टोपण लावून ठेवतात. यंत्र येत नाही, किंवा येते आणि दहा वर्षांनी काढून नेतात. तोंड मात्र तसेच राहते. ते काढून ठेवणारा अभियंता तोवर निवृत्त झालेला असतो.

असले तोंड शोधायचे तर मूळ नकाशा पुरत नाही, कारण नकाशा कारखाना बांधला तेव्हाचा असतो. जाणता तपासनीस नकाशाची घडी काखेत ठेवून टाकीपासून निघतो आणि पाण्याबरोबर नळाखालून चालत परत टाकीपाशी येतो. तापत्या नळावर उष्णतारोधक वेष्टण असते. जेथे ते विनाकारण फुगलेले दिसते, तेथे तो थांबतो, फिटरला शिडी आणावयास सांगतो आणि वेष्टण उतरवून घेतो. खाली टोपण लावलेला वीतभर फाटा निघाला, की खिशातली मोजपट्टी बाहेर येते. मग वेल्डरला बोलावून तो भिंतीलगत कापून काढण्याचा दिवस ठरतो आणि त्या दिवसापुरते पाणी बंद ठेवावे लागते.