बाटली आणि खिडकी



मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या. जुलै २०२१ मध्ये कोरोनामुक्त गावांत आठवी ते बारावीचे वर्ग उघडले, ते अटींसह : एका बाकावर एक विद्यार्थी, बाकांत सहा फुटांचे अंतर, हात धुण्याची सोय. अटी रास्तच होत्या. प्रश्न खर्चाचा होता.

हिशेब पाहा. १०१ ते २५० पटाच्या सरकारी शाळेस समग्र शिक्षा योजनेत वर्षाला ५०,००० रुपये संयुक्त अनुदानाची तरतूद. पैकी किमान १० टक्के स्वच्छतेसाठी. पट २०० धरला तर हा किमान वाटा दरडोई २५ रुपये! वीजबिल आणि डागडुजीही त्याच अनुदानातून.

एप्रिल २०२१ च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले की, कोंदट, गर्दीच्या खोलीत हा विषाणू हवेतूनही पसरतो. त्यानंतर नियमावलीचे लक्ष सॅनिटायझरच्या बाटलीवरून खिडकीकडे वळायला हवे होते. पण बाटलीची पावती फाइलला लावता येते. खिडकीला, जादा खोलीला, जादा शिक्षकाला अंदाजपत्रक लागते. शिक्षक तोच राहिला आणि मुले पाळीपाळीने आली. अंतर राखले गेले ते शिकण्याचे तास कापून. वर पालकांचे संमतिपत्र! शेतमजूर बाईने अंगठा उठवून नेमकी कशाला संमती दिली?

शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांच्या आहेत, आणि शाळा विकास आराखडा करणे हे त्या समितीचे काम आहे. कार्यकर्त्यांनी यंदाच्या आराखड्यात खिडक्या, नळ, खोल्या मोजून त्यांच्या किमतीसह लिहवून घ्याव्यात, आणि त्याची एक प्रत जिल्हा परिषदेकडे पोच घेऊन द्यावी.