आकृती नीट काढावी, पण तिच्यावर विसंबू नये



स्नेहसंमेलनात वाचल्या जाणाऱ्या वार्षिक अहवालात नाट्य मंडळाला प्रयोग दाखवता येतो आणि चित्रकला मंडळाला प्रदर्शन मांडता येते. गणित मंडळाकडे मात्र रंगमंचावर आणण्याजोगे फारसे काही नसते. त्यातही ज्या मंडळाने स्पर्धा परीक्षांतील भूमिती हाच आपला विषय ठरवला आहे, त्याच्याजवळ खोडरबराने अर्धवट पुसलेल्या आकृत्यांच्या वह्यांखेरीज दाखवण्यासारखे काहीच उरत नाही. तरीही विद्यार्थ्यांनी स्वतः चालवायच्या मंडळासाठी गणितात भूमितीइतका योग्य विषय दुसरा नाही, असे येथे मांडायचे आहे. बीजगणितातील चूक ज्याची त्याला एकट्याने आकडेमोड तपासून सापडू शकते. भूमितीतील चूक बहुधा आकृतीत दडलेली असते, आणि ज्याने ती आकृती काढली त्याचा डोळा तिला सरावलेला असल्यामुळे ती शोधण्यासाठी दुसऱ्याच कोणाची तरी गरज पडते.

या स्पर्धांची रचना आधी थोडक्यात पाहणे सोयीचे होईल. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड १९५९ मध्ये रोमानियात सुरू झाले, भारत त्यात १९८९ पासून भाग घेतो आणि १९९६ चे ऑलिंपियाड मुंबईत भरले होते. प्रत्येक देशाचे सहा विद्यार्थी दोन दिवस, दररोज साडेचार तासांत तीन असे एकूण सहा प्रश्न सोडवतात, प्रत्येक प्रश्नाला सात गुण असतात आणि या सहांत भूमितीचे साधारणपणे एक किंवा दोन प्रश्न येतात. भारतात या संघापर्यंत जाणारी वाट मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या देखरेखीखालील परीक्षांमधून जाते. पहिल्या पायरीवरील परीक्षेत तीन तासांत तीस प्रश्न असतात आणि प्रत्येकाचे उत्तर दोन अंकी पूर्णांकाच्या रूपात नोंदवायचे असते. त्यापुढील प्रादेशिक आणि राष्ट्रीय परीक्षांत मात्र संपूर्ण सिद्धता लिहावी लागते. प्रादेशिक व राष्ट्रीय प्रश्नपत्रिकांवरील सूचनांत पट्टी आणि कंपास चालेल, कोनमापक चालणार नाही, असे सांगितलेले असते. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या सूचनेत स्पर्धेतील भूमितीचे सारे धोरण सामावलेले आहे, कारण तिचा अर्थ असा की आकृती हवी तितकी अचूक काढावी, परंतु ती मोजून मिळालेले काहीही पुरावा म्हणून पुढे करू नये.

या भूमितीसाठी लागणारे ज्ञान फार दूरचे असते, हा समज पालकांत आणि काही प्रमाणात शिक्षकांतही आढळतो. वस्तुतः महाराष्ट्र राज्य मंडळाच्या नववी आणि दहावीच्या पाठ्यपुस्तकांतील समरूप त्रिकोण, आंतरलिखित कोनाचे प्रमेय, चक्रीय चौकोन (म्हणजे ज्याचे चारही शिरोबिंदू एकाच वर्तुळावर आहेत असा चौकोन) आणि स्पर्शिका-छेदिकेची प्रमेये एवढ्या सामग्रीवर प्रादेशिक परीक्षेतील भूमितीचे बरेच प्रश्न सुटू शकतात. शाळेत शिकवली जाणारी पक्ष, साध्य, सिद्धता ही मांडणीही मुळात उत्तम आहे. मात्र परीक्षेच्या सरावात ती पाठ करून भरायच्या तक्त्याचे रूप घेते, साध्य काय आहे हे आधीच ठाऊक असते, आणि रचना करावी लागलीच तर ती कोणती हेही पुस्तक सांगून ठेवते. ऑलिंपियाडच्या प्रश्नात नेमकी हीच रचना, म्हणजे दिलेल्या आकृतीत नसलेली पण सिद्धतेला आवश्यक अशी रेषा, बिंदू किंवा वर्तुळ, विद्यार्थ्याला स्वतः सुचावी लागते. मंडळाने जे शिकवायचे ते एवढेच आहे आणि ते व्याख्यानातून शिकवता येत नाही.

म्हणून मंडळाच्या बैठकीत सुरुवात व्याख्यानाने न होता हाताने काढलेल्या मोठ्या आकृतीने व्हावी, हे इष्ट. त्रिकोण समभुज किंवा समद्विभुज काढू नये, कारण तशा त्रिकोणात मध्यगा, शिरोलंब आणि कोनदुभाजक एकमेकांवर येऊन बसतात आणि नसलेल्या गोष्टी खऱ्या वाटू लागतात. जिओजेब्रासारखे संगणकीय साधन वापरायला हरकत नाही, किंबहुना एखादा तर्क खोटा ठरवायला ते फार उपयोगी पडते; परंतु ते हातच्या आकृतीनंतर यावे, कारण प्रत्यक्ष वर्तुळ काढताना कोणता बिंदू कशावर अवलंबून आहे याचा जो क्रम हाताला कळतो, तो पडद्यावर बिंदू ओढताना निसटून जातो.

आकृतीवर विसंबण्याचा धोका समजावण्यासाठी प्रत्येक त्रिकोण समद्विभुज असतो हे 'सिद्ध' करणारे जुने कोडे नव्या सभासदांपुढे पहिल्याच महिन्यात ठेवावे. अबक या त्रिकोणात अ या कोनाचा दुभाजक आणि बक या बाजूचा लंबदुभाजक प बिंदूत मिळतात असे घ्यावे, आणि प पासून अब व अक या बाजूंवर अनुक्रमे पड व पइ हे लंब टाकावेत. कोनदुभाजकामुळे पड आणि पइ समान, तसेच अड आणि अइ समान. लंबदुभाजकामुळे पब आणि पक समान. मग काटकोन त्रिकोणांच्या एकरूपतेने बड आणि कइ समान, आणि समान भागांत समान भाग मिळवल्यावर अब आणि अक समान ठरतात. एकरूपतेची प्रत्येक पायरी बिनचूक आहे, निष्कर्ष उघडपणे खोटा आहे, आणि फळ्यासमोरची मुले बराच वेळ एकरूपतेच्या कसोट्याच तपासत राहतात. दोष असतो तो आकृतीत. प हा बिंदू त्रिकोणाच्या आत नसून परिवर्तुळावर, बक या कंसाच्या मध्यावर असतो, आणि त्याच्यापासून टाकलेल्या दोन लंबांपैकी एकाचा पाय मोठ्या बाजूवर पडतो, तर दुसऱ्याचा पाय लहान बाजू वाढवली असता तिच्या वाढीव भागावर पडतो. त्यामुळे एकीकडे बेरीज करावी लागते आणि दुसरीकडे वजाबाकी.

हे कोडे येथेच सोडून दिले तर ते निव्वळ गंमत म्हणून विसरले जाईल. चांगले मंडळ एक पाऊल पुढे जाते: चूक दुरुस्त करून तीच सिद्धता पुन्हा लिहिली असता अड ही लांबी अब आणि अक यांच्या बेरजेच्या निम्मी असते, असे एक खरे आणि उपयुक्त प्रमेय हाती लागते, आणि कंसाचा हा मध्यबिंदू ब, क आणि त्रिकोणाचे अंतर्वर्तुळ केंद्र या तिघांपासून सारख्याच अंतरावर असतो ही ऑलिंपियाडमध्ये वारंवार कामी येणारी गोष्टही त्याच आकृतीतून थोड्या कोनगणनेने मिळते. खोट्या सिद्धतेतून खरे प्रमेय निघाल्याचे एकदा अनुभवले की विद्यार्थी आपली चूक झाकून ठेवत नाही. आणि मंडळात चूक झाकली जाणार नसेल तर बाकीचे बरेचसे आपोआप जमते.

याच शिस्तीतून एखादा खराखुरा आंतरराष्ट्रीय प्रश्न दहावी-अकरावीच्या विद्यार्थ्यांच्या आवाक्यात कसा येतो, हे २००८ च्या माद्रिद ऑलिंपियाडमधील पहिल्या प्रश्नावरून दिसते. लघुकोन त्रिकोण अबक याचा शिरोलंबसंपात, म्हणजे तिन्ही शिरोलंब जेथे मिळतात तो बिंदू, ह आहे. प्रत्येक बाजूचा मध्यबिंदू केंद्र मानून ह मधून जाणारे वर्तुळ काढले असता ते त्या त्या बाजूच्या रेषेला दोन बिंदूंत छेदते. असे मिळालेले सहाही बिंदू एकाच वर्तुळावर आहेत हे सिद्ध करायचे. येथे लागणारी एकच नवी कल्पना अशी: एखाद्या बिंदूतून वर्तुळाला छेदणारी रेषा काढली की त्या बिंदूपासून दोन छेदनबिंदूंपर्यंतच्या अंतरांचा गुणाकार रेषा कोणतीही असली तरी तोच राहतो, आणि दोन वर्तुळांच्या संदर्भात हा गुणाकार ज्या बिंदूंसाठी सारखा येतो ते सर्व बिंदू एका रेषेवर असतात. या रेषेला विद्यार्थी रॅडिकल ॲक्सिस म्हणतात. ती दोन्ही केंद्रांना जोडणाऱ्या रेषेला लंब असते आणि वर्तुळे एकमेकांना छेदत असतील तर त्यांच्या छेदनबिंदूंतून जाते. आता अब आणि अक यांच्या मध्यबिंदूंवर केंद्र असलेली वर्तुळे घेतली तर दोन्ही ह मधून जातात. त्यांची केंद्रे जोडणारी रेषा मध्यबिंदूंच्या प्रमेयानुसार बक ला समांतर असते. म्हणून त्यांचा रॅडिकल ॲक्सिस ह मधून बक ला लंब असतो, म्हणजे तो अ मधून काढलेला शिरोलंबच होय. अ बिंदू त्यावर असल्यामुळे दोन्ही गुणाकार समान येतात, त्यावरून अब व अक या रेषांवरील चार बिंदू एका वर्तुळावर येतात, आणि त्या वर्तुळाचे केंद्र दोन्ही बाजूंच्या लंबदुभाजकांवर, म्हणजेच त्रिकोणाच्या परिकेंद्रात असते. हाच युक्तिवाद दुसऱ्या दोन बाजूंसाठी केला की केंद्र तेच, बिंदू सामाईक, आणि म्हणून वर्तुळही तेच. यात नववीच्या पुस्तकातील एक प्रमेय, दहावीच्या पुस्तकातील छेदिकांच्या प्रमेयाचा विस्तार आणि नेमकी जोडी निवडण्याची नजर याखेरीज काही नाही.

अशी सिद्धता मंडळात कोणी फळ्यावर मांडत असताना इतरांनी काय करावे, यावर मंडळाचे यश अवलंबून असते. सर्वांत परिणामकारक पद्धत म्हणजे लेखी सिद्धता दुसऱ्या विद्यार्थ्याने वाचावी आणि तिला सातपैकी गुण द्यावेत. गुण कापले तर कोणत्या वाक्यासाठी कापले हे समासात लिहावे. गुण मिळवणाऱ्यापेक्षा देणारा अधिक शिकतो, कारण 'आकृतीवरून स्पष्ट आहे' या शब्दांमागे किती वेळा काहीच स्पष्ट नसते, हे त्याला दुसऱ्याच्या वहीत प्रथम दिसते. शिक्षकाने या वेळी शक्यतो मागच्या बाकावर बसावे. ज्या शिक्षकाला उत्तर येते त्याला गप्प बसणे कठीण जाते, ही अडचण खरीच आहे. ज्याला ते येत नाही, आणि येत नाही हे तो सांगू शकतो, तो शिक्षक अशा मंडळाला कदाचित अधिक मानवतो.

निर्देशक भूमितीचा, म्हणजे अक्ष घेऊन सर्व बिंदूंना संख्या देऊन समीकरणांनी प्रश्न सोडवण्याचा मार्ग मंडळात निषिद्ध मानू नये. शुद्ध भूमितीचे काही चाहते त्याकडे नाक मुरडून पाहतात, ते अनाठायी आहे. मात्र अर्धवट सोडलेल्या समीकरणांना परीक्षक सामान्यतः फारसे गुण देत नाहीत, तेव्हा ती वाट शेवटपर्यंत नेण्याची तयारी असली तरच धरावी.

मंडळाची परंपरा मात्र स्पर्धेच्या निकालावर टिकत नाही. हंगेरीत १८९४ मध्ये दानिएल आरान्य या शाळाशिक्षकाने माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी गणिताचे मासिक काढले आणि त्यात विद्यार्थ्यांनी पाठवलेल्या सिद्धता त्यांच्या नावांसह छापल्या जाऊ लागल्या. पुढे मोठे गणिती झालेल्या अनेकांची नावे प्रथम तेथे छापली गेली. पुण्यात गणिती श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये स्थापन केलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठानातही शालेय विद्यार्थ्यांच्या ऑलिंपियाडच्या तयारीला दीर्घकाळ जागा मिळाली आहे. शाळेच्या पातळीवर याचे लहान रूप म्हणजे एक जाड वही, जिच्यात प्रश्न, सोडवणाऱ्याचे नाव, सिद्धता आणि खाली नंतरच्या वर्षीच्या कोणी शोधलेली दुसरी, आखूड सिद्धता असावी. केवळ भूमितीच्या स्पर्धाही आता आहेत: भूमितितज्ज्ञ इगोर शारिगिन यांच्या स्मरणार्थ २००५ पासून रशियात होणाऱ्या ऑलिंपियाडची पहिली फेरी घरी बसून, सावकाश विचार करून सोडवायची असते, आणि इराणने २०१४ मध्ये सुरू केलेल्या भूमिती ऑलिंपियाडमध्ये इतर देशांतील विद्यार्थीही भाग घेतात. मुलींसाठी २०१२ मध्ये केंब्रिज येथे सुरू झालेल्या युरोपीय ऑलिंपियाडला भारताचा चार जणींचा संघ जातो. ही माहिती शाळेच्या सूचनाफलकावर वेळेवर लागली तर मंडळात मुलींची संख्या कमी का, याची चर्चा पुष्कळ ठिकाणी आपोआप आटोपेल.

यंत्रे आता हेच प्रश्न सोडवू लागली असताना विद्यार्थ्यांनी हा खटाटोप कशासाठी करावा, अशी शंका पालकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. गूगल डीपमाइंडच्या अल्फाजॉमेट्री या प्रणालीने आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमधील भूमितीच्या तीस प्रश्नांपैकी पंचवीस सोडवल्याचे जानेवारी २०२४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी बाथ येथील ऑलिंपियाडमधील भूमितीचा चौथा प्रश्न तिच्या पुढच्या आवृत्तीने, प्रश्न यंत्राच्या भाषेत उतरवून दिल्यानंतर, १९ सेकंदांत सोडवला. या प्रणालीतही काम दोन भागांत वाटलेले आहे: एक भाग दिलेल्या माहितीवरून नियमानुसार निष्कर्ष काढत जातो, आणि तो अडला की दुसरा भाग नवी रचना सुचवतो. म्हणजे अडण्याची जागा यंत्रालाही तीच आहे जी नववीतील विद्यार्थ्याला आहे. यंत्राने दिलेली सिद्धता पुष्कळदा लांबलचक आणि नीरस असते. ती वाचून कोणती पायरी अनावश्यक आहे हे ओळखणे आणि तिचे पाच ओळींत रूपांतर करणे हा मंडळासाठी सराव म्हणून उत्तम आहे, आणि पुढील वर्षी तो करून पाहण्यास हरकत नसावी.

जूनमध्ये येणाऱ्या नव्या सभासदांसाठी पहिला प्रश्न ब्रह्मगुप्ताचा ठेवावा, अशी सूचना आहे. इ.स. ६२८ मध्ये लिहिलेल्या ब्राह्मस्फुटसिद्धांताच्या या कर्त्याच्या नावाने एक प्रमेय ओळखले जाते: ज्या चक्रीय चौकोनाचे कर्ण परस्परांना काटकोनात छेदतात, त्याच्या कर्णांच्या छेदनबिंदूतून एका बाजूवर टाकलेला लंब मागे वाढवला असता समोरच्या बाजूला दुभागतो. आकृती काढताना आधी वर्तुळ आणि मग त्यात परस्परांना लंब अशा दोन जीवा घ्याव्यात; त्या जीवांपैकी एकही व्यास नसावी आणि दोन्हींची लांबी वेगळी असावी, नाहीतर पतंग किंवा समलंब चौकोन होईल आणि सिद्धता लिहिण्याआधीच ती झाल्यासारखी वाटेल. आंतरलिखित कोनाच्या प्रमेयाहून अधिक काहीही यासाठी लागत नाही, आणि पालकांपैकी ज्यांना आज घरी गेल्यावर प्रयत्न करायचा असेल त्यांनाही कोनमापकाची परवानगी नाही.