अबोल मुलीला नोकरी कोण देणार?



बैठकीत बचत जमा झाली, हप्ते लिहून झाले, की आपल्या गप्पा मुलांवर येतात. कुणाची लेक बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असते, कुणाची बी.कॉम.ला. आम्ही गावोगाव गटांत जातो तेव्हा या मुलींना विचारतो, "पुढं काय करणार?" एक म्हणते, "मला कुठंही नोकरी लागेल." दुसरी मान खाली घालून म्हणते, "माझं कुठं होतंय!" गुण बघावेत तर दोघींचे सारखेच. मग फरक कशाचा? पुष्कळदा तो स्वभावाचा असतो.

मानसशास्त्राचे अभ्यासक माणसाचा स्वभाव पाच बाजूंनी बघतात. नवं शिकण्याची ओढ, कामातला नेटकेपणा, चारचौघांतला मोकळेपणा, मिळतंजुळतं घेणं आणि चिंता करण्याची सवय. कॉलेजच्या मुलामुलींत सहसा असं आढळतं, की मोकळ्या स्वभावाच्या आणि नेटानं काम करणाऱ्या मुलांना नोकरीचा भरवसा जास्त वाटतो. सतत चिंता करणाऱ्यांना तो कमी वाटतो. पण भरवसा वाटणं वेगळं आणि काम येणं वेगळं.

नुकसान होतं ते इथंच. जिला भरवसा नाही, ती अर्जच भरत नाही. अर्ज नाही, तर मुलाखत नाही. मग घरात आपणच म्हणतो, "हिला धड बोलता येत नाही, हिला कोण घेणार? स्थळं बघायला लागू." तीन वर्षांच्या शिक्षणाचा निकाल आपण पाहुण्यांसमोर ती किती बोलली यावर लावतो.

आता आपल्या गटाकडे बघा. १९९२ साली नाबार्डनं बचत गट बँकेला जोडायला सुरुवात केली. तेव्हाही आपल्यासारख्या बायांकडे तारण नव्हतं. आजही कर्ज देताना बँक काय बघते? बैठक नियमित आहे का, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब चोख आहे का. हीच आपली पंचसूत्री. गटात सगळ्यात मोठ्यानं कोण बोलतं, हे बँक विचारत नाही. दप्तर बोलतं. मग मुलीला आपण वेगळं माप का लावायचं?

अल्बर्ट बांडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९७७ साली मांडलं, की "मला हे जमेल" हा भरवसा चार वाटांनी येतो. त्या चारही वाटा आपल्या घरात आणि गटात आहेत.

पहिली आणि सगळ्यात मोठी वाट म्हणजे स्वतः पार पाडलेलं काम. मुलीला एक वही द्या. गटाचा हिशेब लिहिला, शेजारच्या पोरांची शिकवणी घेतली, एनएसएसच्या शिबिरात स्वयंपाकाची जबाबदारी सांभाळली, आजीला दवाखान्यात नेऊन सगळे कागद केले, असं सगळं तारखेसकट लिहू द्या. बायोडाटा यातूनच तयार होतो. कॉलेजात 'कमवा आणि शिका' योजना असेल तर तिथं नाव घालायला सांगा. पदवीनंतर शिकाऊ उमेदवारीची चौकशी करा. त्यासाठी १९६१ पासून कायदा आहे आणि शिकताना विद्यावेतनही मिळतं.

दुसरी वाट, आपल्यासारखीला जमलेलं बघणं. गावातली एखादी बुजरी मुलगी नोकरीला लागली असेल, तर तिला बैठकीत बोलवा. पहिल्या दिवशी किती घाबरली होती, हेही सांगू द्या.

तिसरी, विश्वासाच्या माणसाचा धीर. "तू हुशार आहेस" एवढं पुरत नाही. "गटाचा हिशेब तू महिनाभर न चुकता लिहिलास" असं नेमकं सांगा.

चौथी, भीतीचा अर्थ. मुलाखतीत छाती धडधडली म्हणजे आपण नालायक, असं नसतं. बँकेत पहिली सही करताना आपला हात थरथरला नव्हता का? पण सही झालीच. बैठकीत पाच जणींनी समोर बसावं आणि मुलीची लुटुपुटूची मुलाखत घ्यावी. नाव, शिक्षण, काय काय येतं, विचारा. दोन-तीनदा झालं की जीभ सुटते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. नोकऱ्याच थोड्या आणि अर्ज ढीगभर, अशी वेळ पुष्कळदा येते. तिथं नकार मिळाला तर तो मुलीच्या स्वभावाचा दोष नाही. आणि बोलक्या मुलीलाही तयारी चुकत नाही. नुसत्या बोलण्यावर काम टिकत नाही.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. कुणाकुणाची मुलगी शेवटच्या वर्षाला आहे, तिनं आजवर किती अर्ज भरले, हे विचारा आणि इतिवृत्तात लिहा. एकही अर्ज भरला नसेल, तर पहिला अर्ज तिच्या शेजारी बसून भरून घ्या. स्थळाचं बोलणं तोवर थांबू शकतं.