बी सगळ्यांचं, परवाना कुणाचा?



जव्हार-मोखाड्यातल्या तीन गोष्टींबद्दल आज बोलतो : नागली, मिरची आणि काजू. यातलं मूळचं इथलं काय? एकही नाही. नागली हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेच्या डोंगराळ भागातून आली. मिरची अमेरिका खंडातली, काजू ब्राझीलचा. ही दोन्ही सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजांतून आपल्याकडे पोहोचली. त्याआधी जेवणात तिखटपणा होता तो मिरीचा. मिरचीचं नावही मिरीवरूनच पडलं.

पोर्तुगीजांना १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहाकडून वसई मिळाली. समुद्रावर त्यांचा नियम सरळ होता : आमचा परवाना, म्हणजे कार्ताझ, घ्या, नाहीतर जहाज जप्त. १६१३ साली त्यांनी सुरतेजवळ ‘रहीमी’ जहाज पकडलं. हज यात्रेकरूंना नेणारं हे जहाज जहांगीर बादशहाच्या आईचं, मरियम-उझ-जमानी यांचं होतं. आणि त्याच्याकडे परवानाही होता! जहांगीरने पोर्तुगीजांचा व्यापार रोखला. या भांडणाचा फायदा इंग्रजांनी उचलला आणि सुरतेत पाय रोवले.

सगळ्यांना हवं होतं इथलं कापड आणि मसाले. त्याची किंमत चुकवली जायची अमेरिकेतल्या खाणींच्या चांदीने. ती खणताना तिथले मूळनिवासी मेले. युरोपातून गेलेल्या देवीच्या रोगाने तर वस्त्याच्या वस्त्या संपल्या. त्याच व्यापारावर श्रीमंत झालेल्या सुरतेकडे १६६४ मध्ये शिवाजी महाराज निघाले, तेव्हा ते जव्हारला थांबले होते असं इथे सांगतात. शिरपामाळ ही त्याचीच आठवण.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तिथे लायसन्सशिवाय पान हलत नाही. मिरचीच्या बीला मात्र कुणाला लायसन्स लावता आलं नाही. ती एका हातातून दुसऱ्या हातात गेली आणि वारली, कोकणा, कोळी, मुसलमान, सगळ्यांच्या पाट्यावर वाटली गेली.

पण बी मिळालं म्हणजे पोट भरलं असं नाही. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत मुलं कुपोषणाने दगावली. आजही दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं घराला कुलूप लावून वीटभट्ट्यांवर जातात. डोंगरउतारावरच्या वाडीतली काजूची बी कच्चीच विकली, तर नफा फोडून, सोलून, प्रतवारी करून विकणाऱ्याकडे जातो. कार्ताझ संपला, पण वाट आणि भाव ज्याच्या हातात, कमाई आजही त्याचीच.

म्हणून ‘हे इथलं की बाहेरचं’ या वादात वेळ घालवू नका. आपलं ताट त्याचा निकाल केव्हाच लावून बसलंय. विचारायचं ते हे : भाव कोण ठरवतो? नागलीचं बी घरात राखलंय की दरवर्षी विकत आणावं लागतंय? आपल्यातल्या ज्यांना हिशेब येतो, मोबाइलवर बाजारभाव बघता येतो, त्यांनी पाड्यावरच्या बचत गटासोबत बसावं. काजू विकायच्या आधी दोन ठिकाणचा भाव काढून द्यावा. सुरुवात एवढ्यानेही होते.