छायापुरुष चालतो कसा?



छायापुरुषाचे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. सकाळच्या उन्हात सूर्याकडे पाठ करून उभे राहायचे, आपल्याच सावलीच्या गळ्यावर नजर खिळवायची आणि थोड्या वेळाने एकदम आभाळाकडे पाहायचे. आभाळात एक पांढुरका, भला मोठा पुरुष दिसतो आणि तरंगत चालू लागतो. ‘शिवस्वरोदय’ या जुन्या संस्कृत ग्रंथात ही विद्या आली आहे. तिच्याबरोबर एक भयही आले आहे. या पुरुषाला मस्तक दिसले नाही, तर पाहणाऱ्याचे मरण जवळ आले म्हणतात!

आता हा पुरुष दिसतो, हे खरे आहे. ज्याने तो पाहिला आणि धसका घेतला, त्याला ‘काहीतरीच काय!’ म्हणून भागत नाही. तो का दिसतो, हेच सांगितले पाहिजे.

डोळ्याच्या आत मागच्या बाजूस दृष्टिपटल नावाचा नाजूक पडदा असतो. उजळ जमिनीचा प्रकाश ज्या भागावर पडतो, तो भाग थोड्या वेळात मंदावतो. सावलीच्या जागी प्रकाश कमी, म्हणून तेवढा भाग ताजातवाना राहतो. मग आभाळाकडे पाहिले, की ताजा भाग जोमाने काम करतो आणि सावलीच्या आकाराची जागा जास्त पांढरी दिसते. म्हणजे पुरुष आभाळात नाही. त्याचा ठसा आपल्याच डोळ्यात आहे.

मग तो एवढा मोठा का? ठशाचा आकार तोच राहतो, पण जेवढ्या लांबच्या पृष्ठावर तो पाहावा तेवढा तो मोठा वाटतो. हा नियम एमर्ट नावाच्या स्विस डॉक्टरांनी १८८१ साली मांडला. तळहातावर लहान, भिंतीवर मोठा, आभाळात तर राक्षसी!

आणि तो चालतो कसा? एस. टी.ने कड्याहून आष्टीला जाताना खिडकीतून पाहा. झाडे मागे पळतात. पण एखादा मोटारसायकलवाला सारखा खिडकीसमोरच दिसत राहिला, तर आपण काय म्हणतो? तोही गाडीबरोबर धावतो आहे. मेंदूचा हिशेब असाच असतो. डोळा वळला, की समोरच्या वस्तूचे चित्र दृष्टिपटलावर सरकते. डोळा आपणच वळवला, हे मेंदूला ठाऊक असते. म्हणून तो ते सरकणे वजा करतो आणि घर जागच्या जागी दिसते. ठसा मात्र पडद्यावरच उमटलेला. डोळा वळला तरी तो सरकत नाही. मेंदू म्हणतो, ‘डोळा वळला, तरी हा समोरच! म्हणजे हाच चालतो आहे.’ त्यात ठसा नजरेच्या थोडा बाजूला असला, तर आपण तो नीट पाहायला जातो आणि तो पुढे पळतो. आपण पाठलाग करतो, तसा तो चालतो.

मस्तक का नाहीसे होते? ठसा सगळा एकदम पुसला जात नाही, तुकड्यातुकड्याने विरतो. कधी आधी हात जातो, कधी पाय, कधी डोके. नजर स्थिर राहिली नसेल, तर डोके मुळात नीट उमटतच नाही. त्याचा आयुष्याशी काही संबंध नाही.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, शाळेच्या पटांगणावर हा प्रयोग जरूर करून घ्या. सूर्याकडे मात्र कोणीही पाहू नये, हे आधी बजावा. अर्धा मिनिट सावलीकडे पाहिले, तरी पुरे. मग मुलांना विचारा: नजर डावीकडे नेली, तर पुरुष कोणीकडे गेला? उजवीकडे नेली, तर? वर्गाच्या भिंतीवर तो केवढा दिसला? उत्तरे मुलांनाच देऊ द्या. आणि घरी आजी-आजोबांनाही हा प्रयोग दाखवायला सांगा.