हा पैसा कोणत्या रकान्यात?

आपल्या जबलपुरात गन कॅरेज फॅक्टरी, खमरिया, रेल्वे अशा ठिकाणांहून निवृत्त झालेले पुष्कळ जण आहेत. एकरकमी मिळालेले पैसे थोडे बँकेत, थोडे फंडात ठेवतात आणि हिशेब मोबाईलच्या ॲपमध्ये लिहितात. तिथे पहिलाच प्रश्न येतो : खात्याचा प्रकार कोणता? बँक की गुंतवणूक?

लिक्विड फंड आणि मनी मार्केट फंडांच्या बाबतीत इथेच गल्लत होते. पैसे एक-दोन दिवसांत हाती येतात, म्हणून आपण 'बँक' निवडतो. पण पैसे किती लवकर मिळतात, यावरून प्रकार ठरवू नका. ठरलेली रक्कम परत देण्याचे कोणी कबूल केले आहे का, ते पाहा.

बचत खाते आणि मुदत ठेव हे बँकेचे तुम्हाला असलेले देणे आहे. बँक बुडाली, तर ठेव विम्यातून एका बँकेमागे एका ठेवीदाराला व्याज धरून ५ लाखांपर्यंत रक्कम मिळते. बचत खात्यातून आपोआप होणारी ठेव, म्हणजे 'स्वीप', तीही बँकेच्याच रकान्यात.

फंडात मात्र तुमच्या नावावर युनिट असतात. लिक्विड फंड ९१ दिवसांपर्यंतचे, तर मनी मार्केट फंड एक वर्षापर्यंतचे रोखे घेतो. जोखीम कमी, पण शून्य नाही. ठेव विमाही नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये बल्लारपूर इंडस्ट्रीजचे पतमानांकन घसरले, तेव्हा तिचे रोखे असलेल्या एका लिक्विड फंडाचे मूल्य एका दिवसात सुमारे ७ टक्के उतरले.

समजा, बँकेत ४ लाख आणि फंडात ३ लाख आहेत. सगळे 'बँक' म्हणून लिहिले, तर ॲप ७ लाख दाखवील आणि तुम्ही ते सगळेच विम्याखाली धराल. प्रत्यक्षात विमा ४ लाखांनाच आहे. करातही फरक आहे. बँकेचे व्याज दरवर्षी उत्पन्नात धरतात. फंडाच्या ग्रोथ पर्यायात नफा युनिट विकल्यावर मोजतात.

म्हणून फंड 'गुंतवणूक' मध्ये घाला. युनिटची संख्या आणि त्या दिवसाचे मूल्य लिहा. बँकेतून फंडात गेलेले पैसे खर्च नव्हेत, 'हस्तांतर' म्हणून नोंदवा. अडीअडचणीसाठी ठेवलेल्या रकमेला 'आणीबाणी' अशी वेगळी खूण करा. मग हाताशी किती आहे आणि विम्याखाली किती आहे, ही दोन्ही उत्तरे तुम्हाला वेगवेगळी दिसतील.

आज घरी गेल्यावर एवढे एकच काम करा : ॲपमधला 'बँक' रकाना उघडा आणि त्यात एखादा फंड बसला आहे का, ते तपासा.