तिथि पाहून निघावें

सहकुटुंब प्रवासाचा बेत हा प्रवासापेक्षां अधिक गोड असतो, असें पुष्कळांचें मत आहे. त्यांत तथ्यहि आहे. प्रवासांत ऊन लागतें, मोटार नादुरुस्त होते, मुलांना मळमळतें. बेतांत यांपैकीं कांहींच होत नाहीं. कागदावरच्या रस्त्याला खड्डे नसतात आणि कागदावरच्या घाटांत धुकें उतरत नाहीं. म्हणूनच बेत आंखणारा मनुष्य फार उदार होतो, आणि दोन दिवसांच्या झोळींत नऊ गांवें सहज कोंबतो.

पुण्यांतील असेंच एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावें. घरांत आजी, तिचा मुलगा, सून आणि दोन नातवंडें. आजीचें वय चौऱ्याहत्तर, गुडघे दुखरे, माहेर रायगड जिल्ह्यांतील दिवेआगरचें. मार्गशीर्षाचे दिवस होते. मुलानें नवी मोटार घेतली होती, आणि समुद्रकांठानें सर्वांना हिंडवून आणावें असें त्याच्या मनानें घेतलें होतें. त्यानें एका रात्रीं बसून कागद तयार केला. अलिबाग, काशीद, मुरूड, जंजिरा, दिघी, दिवेआगर, शेखाडी, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. शनिवारीं पहाटे निघावयाचें, रविवारीं रात्रीं परत. दिवेआगरच्या पुढें त्यानें लिहिलें होतें : "दीड तास, जेवणासह." हरिहरेश्वराच्या पुढें लिहिलें होतें : "रविवार, दुपारीं १२. दर्शन व प्रदक्षिणा."

कागद सर्वांना वाचून दाखविल्यावर आजीनें एवढेंच विचारलें, "रविवारीं तिथि कोणती रे?"

मुलगा म्हणाला, "आई, प्रवासांत उपासतापास नको हं."

"उपासासाठीं नाहीं विचारीत मी. समुद्रासाठीं विचारतें आहें."

सुनेनें भिंतीवरचें कॅलेंडर पाहिलें. रविवारीं पौर्णिमा होती. आजी म्हणाली, "म्हणजे बारा वाजतां भरती, आणि तीहि उधाणाची. तुझ्या प्रदक्षिणेच्या वाटेवर त्या वेळीं पाणी उभें असेल."

हा हिशेब कोंकणच्या किनाऱ्यावर पूर्वीं घरोघर ठाऊक असे, आणि कोळ्यांच्या तोंडीं तो अजूनहि आहे. तिथीच्या आंकड्याला पाऊणनें गुणावें. जें उत्तर येईल त्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजतां, अष्टमीला सहा वाजतां, द्वादशीला नऊ वाजतां. पौर्णिमेला आणि अमावास्येला हिशेबानें सव्वाअकरा येतात. व्यवहारांत मध्यान्ह धरली तरी चालतें. भरतीनंतर सुमारें सहा तासांनीं पूर्ण ओहोटी, आणि पुन्हां तितक्याच वेळानें भरती. चंद्र रोज सुमारें ५० मिनिटें उशिरा उगवतो, आणि तितकीच भरतीहि रोज पुढें सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास सूर्य व चंद्र एकाच रेषेंत येऊन पाण्याला ओढ लावतात, म्हणून उधाण येतें. अष्टमीच्या सुमारास त्यांची ओढ एकमेकींस आडवी असते, म्हणून पाणी बेतानें चढतें-उतरतें, त्याला भांग म्हणतात.

हिशेब ढोबळ आहे, हें खरें. अचूक वेळा देणारीं भरतीचीं कोष्टकें आतां मोबाइलवर क्षणांत मिळतात. परंतु कोष्टक पाहावें असें सुचण्यासाठीं आधीं समुद्राची आठवण व्हावी लागते. मोबाइलवरचा नकाशा रस्त्यावरची गर्दी सांगतो. खडकावरचें पाणी सांगत नाहीं.

आणि हरिहरेश्वरीं खडकावरच्या पाण्याचाच प्रश्न असतो. देवळामागून डोंगर चढून गेल्यावर एका अरुंद फटींतून पायऱ्या थेट समुद्राकडे उतरतात. खालीं लाटांनीं कोरलेले, जाळीसारखे झालेले खडक आहेत, आणि त्यांवरूनच प्रदक्षिणेची वाट वळते. ओहोटींत ती वाट मोकळी असते. भरतींत ती वाट नसतेच. येथें खडकावर उभ्या असलेल्या माणसांना लाटेनें ओढून नेल्याचे प्रसंग घडले आहेत. समुद्र त्या वेळीं कांहीं विशेष करीत नाहीं. तो आपल्या वेळेवर आलेला असतो. चुकीच्या वेळीं माणूसच आलेला असतो.

घाईची किंमत या किनाऱ्यानें फार पूर्वींहि मोजली आहे. चांगले रस्ते होण्यापूर्वीं येथील लोकांना मुंबईस नेणारी वाट पाण्याचीच होती. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट भर पावसाळ्यांत उलटली, आणि सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. आषाढी अमावास्या होती, आणि बोटींत सणाला घरीं निघालेले कितीतरी लोक होते. आजीच्या जन्माआधींची ही गोष्ट. परंतु तिच्या माहेरीं समुद्राविषयींचें प्रत्येक बोलणें त्या बोटीपाशीं येऊन थांबत असे. म्हणून तिथि विचारल्याविना पाण्याकडे जाऊं नये, ही शिस्त तिच्या अंगीं लहानपणींच बाणली.

त्या रात्रीं कागद फाडला गेला नाहीं, पण त्यावर रेघा मात्र पुष्कळ मारल्या गेल्या. सुनेनें विचारलें, "पहिल्या पांच गांवांत आईंना मोटारींतून उतरतां तरी येईल का?" जंजिऱ्यास जावयाचें तर राजपुरीहून शिडाच्या होडींत बसावें लागतें, आणि किल्ल्याच्या दारांत हलत्या होडींतून पायरीवर पाऊल टाकावें लागतें. दुखऱ्या गुडघ्यांना तें झेपणारें नव्हे. शिवाय पुण्याहून अलिबागेस जाऊन दक्षिणेकडे उतरावयाचें म्हणजे मोठा वळसा. मुंबईच्या मंडळींना ती वाट सोयीची आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारीसह नेणारी बोट मार्च २०२० पासून सुरू झाली. पुढें मुरूडवरून आगरदांड्यास यावें आणि राजपुरीची खाडी ओलांडून दिघीस उतरावें. मोटारी वाहून नेणाऱ्या त्या सपाट बोटीला किनाऱ्यावरचे लोक जंगलजेटी म्हणतात. तिची वेळ आधीं विचारून ठेवणें बरें. पुणेंकरांनीं मात्र ताम्हिणी घाटानें उतरावें हेंच उत्तम.

शेवटीं एक दिवसाची रजा वाढली आणि पांच गांवें कमी झालीं. उरलीं तीं दिवेआगर, शेखाडी, श्रीवर्धन व हरिहरेश्वर.

शनिवारीं सकाळीं सहा वाजतां मोटार निघाली. मुळशीच्या तलावाकांठीं उजाडलें. या पाण्याखालीं गेलेल्या जमिनींसाठीं १९२१ सालीं मावळ्यांनीं सत्याग्रह केला आणि सेनापति बापटांनीं त्याचें नेतृत्व केलें, हें मुलांना तेथेंच सांगण्यांत आलें. पुस्तकांतला धडा डोळ्यांपुढें असला म्हणजे तो लांबत नाहीं. ताम्हिणीचा घाट हिंवाळ्यांत सौम्य असतो. पावसाळ्यांत त्याच घाटांत धुकें आणि दरडी यांचें भय असतें. पुढें निजामपूर, मग माणगांव. माणगांवीं पेट्रोल भरून घ्यावें, मुलांना पाय मोकळे करूं द्यावे, आणि मुंबई-गोवा महामार्ग सोडून म्हसळ्याच्या वाटेला लागावें. म्हसळ्यापुढें रस्ता वळणावळणांचा होतो. पुण्यापासून हें अंतर सुमारें १६० किलोमीटर; परंतु येथें अंतर किलोमीटरांत न मोजतां तासांत मोजावें. मुलें व वृद्ध बरोबर असतील तर सहा तास धरावे.

सुनेनें दोन दिवस आधींच दिवेआगरला कळविलें होतें : माणसें पांच, जेवण शाकाहारी, एका पानाला तिखट कमी. याला तिकडे वर्दी देणें म्हणतात. शहरांतल्या खानावळींत जेवण आधीं तयार असतें आणि गिऱ्हाईक नंतर येतें. कोंकणांतल्या घरगुती खानावळींत माणसांची संख्या कळल्यावर नारळ खवला जातो. वर्दी न देतां दोन वाजतां दहा माणसें दारांत उभीं करणें, किंवा वर्दी देऊन न येणें, या दोन्ही गोष्टींनीं एका घराचा दिवस वायां जातो. वेळेवर पोहोंचलेल्या मंडळींना मात्र उकडीचे मोदक आणि सोलकढी मिळाली.

दिवेआगर हें फार जुनें गांव. शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, एक मराठी ताम्रपट येथें मिळाला आहे. मराठी भाषेच्या अगदीं आरंभींच्या लेखांत त्याची गणना होते. रूपनारायणाच्या देवळांतील विष्णूची पाषाणमूर्ति शिलाहारकालीन असून तिच्याभोंवतीं दशावतार कोरलेले आहेत. परंतु गांवाचें नांव दूरवर गेलें तें दुसऱ्याच कारणानें. १७ नोव्हेंबर १९९७ रोजीं एका वाडींत खणतांना तांब्याची पेटी लागली आणि तींत गणपतीचा सोन्याचा मुखवटा निघाला. त्याच्या दर्शनाला लोक लोटले. घरोघर पाहुण्यांच्या खोल्या उभ्या राहिल्या. २४ मार्च २०१२ रोजीं दरोडा पडला. दोन पहारेकरी मारले गेले, मुखवटा गेला, आणि त्याच्यामागून पाहुणेहि कमी झाले. चोरलेलें सोनें वितळविलेलें होतें. हस्तगत झालेल्या सोन्याचा मुखवटा पुन्हां घडवून नोव्हेंबर २०२१ मध्यें त्याची स्थापना झाली.

या दोन तारखांच्या मधें आणखी एक तारीख आहे. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' हें चक्रीवादळ दुपारीं याच किनाऱ्यावर चढलें. वाऱ्याचा वेग ताशीं ११० ते १२० किलोमीटर होता. पोफळीचें झाड उंच, सडपातळ, मुळें उथळ. अशीं झाडें दाटीनें लावलेल्या वाड्याच्या वाड्या कांहीं तासांत आडव्या झाल्या. भातशेती बुडाली तर पुढच्या वर्षीं पुन्हां करतां येते. पोफळीचें रोप लावल्यापासून सुपारी धरूं लागण्यास सहा-सात वर्षें जातात. मधल्या काळांत त्या घरानें खावें काय? ज्या घरांत दोन खोल्या रिकाम्या होत्या, त्यांना पाहुण्यांचा आधार राहिला. म्हणून या गांवीं एक रात्र राहाणारें कुटुंब आणि दीड तासांत जेवून जाणारें कुटुंब यांत फार मोठा फरक आहे. आपल्या मुक्कामानें एका वाडीच्या वाढीला वेळ मिळतो, हें पाहुण्यांच्या सहसा ध्यानांत येत नाहीं.

आजीच्या भाच्याची वाडी अशांपैकींच होती. वादळानंतर आजी प्रथमच तेथें आली. दुपारची झोप झाल्यावर ती काठी टेंकीत मागीलदारीं गेली आणि बराच वेळ बोलली नाहीं. पूर्वीं जेथें भर दुपारीं दिवा लावावा असा अंधार असे, तेथें आतां ऊन पडलें होतें. केळींच्या सांवलींत गुडघ्याहून उंच, कोठें पुरुषभर उंच, पोफळीचीं नवीं झाडें उभीं होतीं. रोपें श्रीवर्धनची. तेथें सुपारी संशोधन केंद्र आहे आणि श्रीवर्धनी सुपारीचा लौकिक जुनाच आहे. आजीनें एकेका झाडाला हात लावला. मुलगा मागें उभा होता. आईसाठीं आपण कागदावर दीड तास ठेवला होता, तोहि जेवणासह, हें त्याला तेथें आठवलें असावें. कारण त्यानें मोबाइल खिशांत ठेवला तो रात्रींपर्यंत काढला नाहीं.

रविवारीं सकाळीं, पाणी चढत असतांना, मुलें किनाऱ्याजवळ कमरेपेक्षां कमी पाण्यांत डुंबलीं. पोहण्यास उतरावें तें चढत्या पाण्यांत. ओहोटीचें पाणी माणसाला आंत ओढतें. मोटार सुरूच्या बनापलीकडे ठेविली होती. वाळूंत मोटारी पिटाळण्याची जी हौस हल्लीं दिसते तिचा शेवट पुष्कळदां भरतीच्या पाण्यांत रुतलेल्या चाकांनीं होतो. शिवाय या वाळूंत हिंवाळ्यांत समुद्रकासव अंडीं घालतात. चाकाखालीं काय चिरडलें गेलें हें मोटारींतल्याला दिसत नाहीं.

दुपारचें जेवण लौकर उरकून मंडळी दक्षिणेकडे निघाली. दिवेआगरहून शेखाडीवरून श्रीवर्धनला जाणारा रस्ता सुमारें वीस किलोमीटरांचा आहे. उजव्या हाताला सारखा समुद्र, डाव्या हाताला डोंगर. कोठें रस्ता लाटांच्या इतका जवळ येतो कीं अंगावर तुषार उडतात. श्रीवर्धन हें बाळाजी विश्वनाथ भट यांचें गांव. कोंकणांतल्या या देशमुखी घराण्यांतील पुरुष १७१३ सालीं पेशवा झाला, आणि हरिहरेश्वर हें त्या घराण्याचें कुलदैवत. चार वाजतां मंडळी हरिहरेश्वरीं पोहोंचली तेव्हां पाणी दूर गेलें होतें. आजी देवळांत बसली. बाकीचीं मंडळी ओल्या खडकांवरून प्रदक्षिणा करून सूर्य मावळण्यापूर्वीं परत आलीं. बाराला आलों असतों तर, असें कोणी बोललें नाहीं. बोलण्याची आवश्यकता नव्हती.

किनाऱ्यावरच्या प्रवासाचा बेत करणारांनीं इतकें ध्यानांत ठेवावें. गांवांची यादी शेवटीं करावी. आधीं तिथि पाहावी. मग घरांतलें सर्वांत दुबळें माणूस किती चालूं शकेल तें पाहावें. मग जेथें राहावयाचें त्या घरीं वर्दी द्यावी. एवढें झाल्यावर यादींत जीं गांवें उरतील तींच खरीं पाहून होतात.

सोमवारीं सकाळीं निघतांना नातवानें आजीच्या भाच्याला विचारलें, "मामा, या झाडांना सुपाऱ्या केव्हां लागणार?"

"कांहींना येत्या दोन वर्षांत. मागाहून लावलेल्यांना आणखी पांच-सहा."

आजी मोटारींत बसली होती. तिनें मनाशीं हिशेब केला आणि सुनेकडे वळून म्हणाली, "त्या वेळचा बेत तूं कर हो. आणि तिथि तेवढी पाहायला विसरूं नकोस."